रडक्या आजोबांचा खरा चेहरा

संग्रहालयाच्या सागरदालनात सर्वांत मोठी गर्दी होई ती देवमाशाच्या सांगाड्यापुढे नव्हे, तर कोपऱ्यातल्या एका हातभर काचपेटीपुढे. तिच्यात एक गुलाबी, लिबलिबीत मासा बसलेला असे. नाक ओघळलेले, ओठांचे कोपरे खाली गेलेले, जणू आत्ताच कोणी त्याची कानउघाडणी केली आहे. मुलांनी त्याचे नाव ‘रडके आजोबा’ ठेवले होते.

हे आजोबा घडवले संग्रहालयाच्या साचेवाल्यांनी. त्यांना याखेरीज दुसरे नाव आहे, हे कार्यालयातही फारसे कोणाच्या ध्यानात नसे. ऐन उमेदीत, जाळ्यातून वर आलेल्या एका माशाचा साचा घेऊन त्यांनी तो मेणात ओतला होता आणि त्या एका कामावर त्यांचा सारा लौकिक उभा होता.

निवृत्तीच्या वर्षी एक संशोधक बाई खोल समुद्रात सोडलेल्या कॅमेऱ्याचे चित्रण घेऊन आल्या. पडद्यावर, काळोख्या तळालगत एक मासा तरंगत होता. मोठ्या डोक्याचा, नीटस अंगाचा, चारचौघांसारखा.

“हा कोण?” साचेवाल्यांनी विचारले.

“अहो काका, तुमचे रडके आजोबाच की!”

बाईंनी उलगडून सांगितले. तेवढ्या खोलीवर पाण्याचा दाब असा, की इतर माशांसारखी पोटातली हवेची पिशवी फुगवून तरंगणे फार जड जाते. म्हणून असंख्य पिढ्यांच्या ओघात या जातीची पिशवी नाहीशी झाली, हाडे आणि स्नायू बेताचे उरले, आणि अंग पाण्याहून किंचित हलके, जेलीसारखे थलथलीत झाले. श्रम न करता तरंगायचे आणि समोर येईल ते गिळायचे. त्या अंगाला सावरून धरतो तो भोवतालचा दाबच. मासा वर ओढला की दाब सरतो आणि चेहरा ओघळतो.

“म्हणजे मी साचा घेतला तो...”

“नासाडीचा, काका. माशाचा नव्हे.”

साचेवाल्यांनी त्याच आठवड्यात नवे मेण वितळवायला घेतले. पेटीत खरा मासा बसवल्याविना जायचे नाही, एवढेच त्यांनी मनाशी धरले. कल्ले बिघडत, पुन्हा वितळवावे लागत.

“चहाचा कप धरवत नाही आणि निघालेत माशाला डोळे बसवायला,” पत्नी म्हणाली. “माझ्या तोंडाकडे कधी इतकं निरखून पाहिलं असतं तर?”

“तर काय, तू बदलली असतीस?”

“तुम्ही सुधारला असता!”

मासा अखेर पुरा झाला. संचालकांनी तो हातात घेऊन चहूबाजूंनी न्याहाळला.

“काम सुरेख आहे, काका. पण हा बघायला कोण येणार? असा मासा लोक बाजारातून पिशवीत घालून घरी नेतात.”

“पण साहेब, हा खरा आहे.”

“खोटा कोण म्हणतंय?”

“मग निदान शेजारी तरी ठेवा.”

“शेजारी ठेवला की आजोबा खोटे ठरतात. मुलं हिरमुसतील हो.” आणि ते पुढे म्हणाले, “त्यापेक्षा एक करा. आजोबांचा मोठ्ठा पुतळा हवाय, फाटकापाशी. जमत नसेल तर खेळण्यांच्या कारखान्याला सांगतो.”

खरा मासा कागदात गुंडाळून कोठाराच्या फळीवर गेला. कारखानेवाले आजोबांना दात बसवतील, डोक्यावर टोपीही घालतील, या धास्तीने साचेवाल्यांनी होकार दिला. आपल्या हातून झाला तर कल्ले तरी जागच्या जागी राहतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पुतळ्याची माती ओली असताना संचालक पाहायला आले. चार पावले मागे जाऊन त्यांनी मान तिरकी केली.

“छान! फक्त ओठ जरा आणखी खाली घ्या. लांबून रडका वाटत नाही.”

साचेवाल्यांनी अंगठा पाण्यात बुडवला आणि ओठाचा कोपरा खाली ओढला.

“अजून थोडा,” संचालक म्हणाले.

त्यांनी अजून थोडा ओढला.