अपुरं वाजलेलं फुल हाऊस

मोमी आंटीने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली तेव्हा मला वाटलं, टायर बदलून आणायचा असेल. बाई वर्षाकाठी एक तरी टायर फोडते. मी म्हटलं, "आता कुठला फुटपाथ तुझ्या आडवा आला, आंटी?"

"टायर नाही रे. शार्लीन शनिवारी येतेय, तिला दे. मी दिली तर मी रडेन, मग ती रडेल, आणि भात गार होईल."

शार्लीन म्हणजे आंटीची लेक. ती फिनिक्सला असते आणि कित्येक वर्षं आईच्या मागे लागलीय, की लास वेगासचं घर विकून टाक आणि माझ्याकडे येऊन राहा. आंटी दर वेळी तिला फोनवरच वाटेला लावायची. आणि आता ही स्वतःहून किल्ली देत होती.

"का पण?"

"माझं डोकं गेलं, मेल्विन." दूध नासलं म्हणावं, तितक्याच साध्या आवाजात ती हे म्हणाली आणि माझ्या हातावर खारवलेला आलुबुखार ठेवला. तिच्याकडे गेलेला माणूस काही खाल्ल्याशिवाय सुटत नाही, डोकं जागेवर असो वा नसो.

मी तिचा शेजारी. आमच्या वस्तीत निम्मे लोक हवाईचेच. तिकडे घर परवडेना म्हणून इकडे वाळवंटात आलेले, आणि आल्यापासून समुद्राच्या नावाने उसासे टाकणारे. मी विमानतळावर बस चालवायचो. आंटी वाहियावाची, ओआहू बेटाच्या मधोमध, अननसाच्या शेतांतली. तिने उभी हयात शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. पोरांना ओळीत उभं करायची आणि पळी आपटून गप्प करायची. ती पळी अजून तिच्या आवाजात आहे. दर वर्षी ती नवऱ्याबरोबर आठवडाभर इथे यायची, डाउनटाउनच्या आमच्या कॅसिनोत उतरायची. निवृत्त झाल्यावर दोघं म्हणाले, जाऊन-येऊन तेच करायचं तर तिथेच राहू. नवरा गेला, आंटी राहिली. आणि राहिलं ते तिचं मशीन.

मशीन म्हणजे व्हिडिओ पोकर. मला स्वतःला त्यात गम्य नाही, मी फुटबॉलवर पैसे घालवणारा माणूस. पण आंटीने इतकं समजावलंय की झोपेतही सांगेन. पडद्यावर पाच पत्ते येतात. हवे ते ठेवायचे, नको ते टाकायचे, बदल्यात नवे येतात. नुसत्या दैवाचा खेळ नाही तो, काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते कळावं लागतं. म्हणूनच आंटीला तो आवडायचा. बाकीच्या चमचमत्या मशीनना ती 'बिनडोक' म्हणायची. तीन पत्ते एकसारखे आणि उरलेले दोन एकसारखे आले की फुल हाऊस. आंटीच्या मशीनवर फुल हाऊसला एकास नऊ मिळायचे, आणि ते जमा होताना मशीन टिंगटिंग वाजत राहायचं, जितके जास्त मिळाले तितकं जास्त वेळ.

एवढं ते सगळं. आणि त्या वाजण्यातच घोटाळा झाला होता.

"पूर्ण वाजतच नाही रे," आंटी म्हणाली. "मी मान डोलवते त्याच्यावर. माझी मान अजून हलत असते आणि ते गप्प होतं."

"मग मशीन बिघडलं असेल!"

"मलाही तसंच वाटलं. मग चष्मा लावून मशीनवरचा तक्ता वाचला. तिथे आठ लिहिलंय. फुल हाऊसला आठ." ती माझ्याकडे बघत राहिली. "मेल्विन, तिथे नऊ होतं ना?"

आता मी काय सांगणार? मी तो तक्ता जन्मात वाचला नव्हता. मी म्हटलं, असेल नऊ. ती म्हणाली, असेल म्हणजे काय? मी म्हटलं, तू म्हणतेस तर होतं. ती म्हणाली, मी म्हणते म्हणूनच तर पंचाईत आहे.

तिने कॅसिनोत काम करणाऱ्या मुलीला विचारलं होतं. मुलगी गोड होती. म्हणाली, "आंटी, हे असंच आहे की." मग तिने साहेबाला विचारलं, तर तो म्हणाला की मशीन तीच आहेत, फक्त अपडेट झालीत. आंटीने मला विचारलं, अपडेट म्हणजे काय. ते मला आजतागायत कळलेलं नाही. माझ्या फोनला तो होतो आणि मग मला फोन घेता येत नाही, एवढंच ठाऊक आहे.

मशीन तर तेच होतं! मी स्वतः जाऊन पाहिलं. तीच खुर्ची, खुर्चीच्या दांडीवर आंटीच्या अंगठीने पडलेला तोच ओरखडा. मी शेजारी बसून तिचा खेळ बघितला. एकही पत्ता चुकली नाही. पण छातीठोक सांगायला मला तरी काय कळत होतं? मी नुसता मान हलवत बसलो आणि माझाच मला राग आला.

आंटी घाबरली होती ती हिसाएमुळे. हिसाए म्हणजे तिची वाहियावापासूनची मैत्रीण. शाळेच्या स्वयंपाकघरातही दोघी शेजारी-शेजारी, आणि इथे समोरासमोरच्या रांगांत. उन्हाळ्याच्या आधी हिसाए एकदम बिघडली. मशीन लबाडी करतंय, गाणं मधेच तोडतंय, असं कुणालाही पकडून सांगायची. एकदा तिने मशीनवर चप्पल आपटली. पहारेकरी आले, तमाशा झाला. तिचा मुलगा बेकर्सफील्डहून आला आणि त्याने आंटीला विचारलं, "मोमी आंटी, खरं सांगा, आईचं डोकं ठिकाणावर आहे का?"

आंटीने खरं ते सांगितलं. म्हणाली, "माझं मशीन तर नीट वाजतंय रे बाबा."

मुलाने घर विकलं, गाडी विकली आणि हिसाएला बेकर्सफील्डच्या वृद्धाश्रमात ठेवलं. त्यानंतर कॅसिनोत नवे गालिचे घातले, आंटीची रांग दोन दिवस बंद होती, आणि ती उघडली तेव्हा आंटीचं मशीनही अपुरं वाजायला लागलं. जे हिसाएला झालं ते आपल्याला झालं, असं आंटीने धरून टाकलं. तमाशा होण्याआधी, स्वतःच्या पायांनी जायचं तिने ठरवलं.

शुक्रवारी मी तिला बर्गर खायला नेलं. म्हणजे निरोपाचं जेवण, पण तसं कुणी म्हणालं नाही. धुलाईच्या दुकानाशेजारी एक जुना बार आहे, तिथे खिमा बरा करतात. आंटीने ताटातला पाव बाजूला काढला, भात मागितला, भात नाही म्हटल्यावर त्यांची कीव केली. मी किल्ली खिशात चाचपत होतो आणि उद्या शार्लीनसमोर चेहरा कसा ठेवायचा ते ठरवत होतो. मला भयंकर वाईट वाटत होतं. सोळा वर्षं ही बाई माझ्या घराशी सकाळी हॉर्न वाजवते म्हणून मी खेकसलोय, आणि आता तो हॉर्न नसणार.

इथे बारमध्येही पोकरची मशीन असतात. तेवढ्यात टोकाला कुणाचं तरी वाजायला लागलं. टिंगटिंग टिंगटिंग. आंटीचा घास तोंडाशी थांबला. मान हलायला लागली. मशीन थांबलं आणि तिची मान त्याच्याबरोबर थांबली, अगदी एका क्षणी.

"फुल हाऊस," ती म्हणाली.

"तुला काय माहीत? इथून दिसत तरी आहे का?"

ती उठलीच. त्या माणसाच्या खांद्यावरून वाकून तिने पडद्याला नाक लावलं. माणूस ट्रकवाला असावा, दंड माझ्या मांडीएवढा. तो वैतागला, "काय हो म्हातारबाई, माझ्या मांडीवर बसता का आता?"

"बसेनही! तू हल तिकडे. मेल्विन, ये इकडे! वाच!"

मी वाचलं. फुल हाऊस, नऊ.

"मोठ्यांदा!"

"नऊ, आंटी."

ट्रकवाला म्हणाला, "नऊ देणारं गावात शोधून सापडत नाही आता. सगळीकडे आठवर आणलंय, कुठे-कुठे सात. निम्मी मशीन तर उचलूनच नेलीत. म्हणून तर या घाणेरड्या बारमध्ये येतो मी." बारवाल्याने त्याच्याकडे रोखून बघितलं.

आंटीने त्या ट्रकवाल्याचा गालगुच्चा घेतला आणि त्याला आलुबुखार दिला.

तिथून आम्ही तडक कॅसिनोत गेलो. मला वाटलं आता साहेबाची काही खैर नाही. पण आंटी साहेबाकडे गेलीच नाही. ती आपल्या रांगेत गेली आणि एकेका खुर्चीशी थांबून हळूच विचारायला लागली, "काय गं, तुझं फुल हाऊस पूर्ण वाजतं का?"

आधी कुणी कबूल होईना. मग विल्फ्रेड अंकल लाल झाले आणि म्हणाले की त्यांना ते कमी ऐकू येत होतं, म्हणून त्यांनी कानात घालायचं यंत्र घेतलं, महागातलं. पलीकडच्या बाईने सांगितलं की ती आठवणीसाठी गोळ्या खातेय, नवऱ्याला माहीत नाही. अख्ख्या रांगेत जो तो मनातल्या मनात आपलंच काहीतरी बिघडलं समजून गप्प बसला होता! मला हसू यावं की रडू, ते कळेना. साहेबांनी एक आकडा कमी केला होता आणि इथे माणसं आपली डोकी तपासून घेत होती. बरं, लपवलंय म्हणावं तर तक्ता तिथेच, उजेडात, ज्याला वाचायचा त्याला वाचायला मोकळा. मग लबाडी म्हणावी की नाही? मी अजून विचार करतोय.

सगळे हसायला लागले. विल्फ्रेड अंकलनी कानातलं यंत्र काढून मशीनच्या ट्रेमध्ये टाकलं. आंटी मात्र हसत नव्हती. ती समोरच्या रांगेतल्या हिसाएच्या खुर्चीकडे बघत होती. तिथे आता कुणी तरुण पोरगी बसून फोन बघत होती.

"घरी चल," ती मला म्हणाली.

घरी आल्यावर तिने चपला दाराशी नीट लावल्या आणि सरळ फोन उचलला. आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. आश्रमातल्या बाईने हिसाएला बोलावून आणलं.

"हिसाए, मी मोमी. ऐक. मशीन बदलली होती. नऊचं आठ केलंय. तुझं आधी केलं, माझं नंतर. तुझं बरोबर होतं."

पलीकडून टीव्हीचा आवाज आला. आंटीने दोनदा हाक मारली.

"आठ?" हिसाए म्हणाली.

"आठ."

"म्हणजे गाणं खरंच तुटत होतं?"

"हो गं. खरंच तुटत होतं."

"मग मी इथे का आहे, मोमी?"

आंटीने फोनवर हात धरला आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगावं काहीतरी, अशा नजरेने. आयुष्यभर मी बसभर लोकांना उत्तरं देत आलो, कुठलं विमान, कुठलं दार. आता मी दाराशी लावलेल्या तिच्या चपला बघत होतो. हिसाएचं घर विकलेलं, गाडी विकलेली. आणि तिचं डोकं तेव्हा धड होतं हे खरं, पण इतके महिने सगळ्यांनी नाही-नाही म्हटल्यावर ते आता कसं असेल, कुणाला ठाऊक.

आंटीने फोनवरचा हात काढला. "कारण मी त्याला तसं सांगितलं," ती म्हणाली. "पिशवी भर. मी येतेय."

"माझ्याकडे गाडी नाही गं."

"माझ्याकडे आहे."

तिने फोन ठेवला आणि माझ्यापुढे तळवा पसरला. मी म्हटलं, आंटी, बेकर्सफील्ड केवढं लांब आहे, उद्या शार्लीन यायचीय, हिसाएचा मुलगा काय म्हणेल, आणि ती राहणार कुठे? तिचा हात हलला नाही. शाळेत ओळीत उभं केलेल्या पोरासारखा मी खिशात हात घातला आणि किल्ली दिली.

मग मीही गाडीत बसलो. टायर फुटला तर बदलायला कुणी तरी हवं. शार्लीनला काय सांगायचं, ते मला अर्ध्या वाटेपर्यंत सुचलं नव्हतं.