गुन्नारच्या चौदा जर्सी

शुक्रवार, रमजान ईदेनंतरचा दुसरा. सकाळी सहा. सौदीत कतीफच्या अलीकडे आमचा कॅम्प, त्यामागचं मैदान. हजर: इब्राहिम मुकादम, वेल्डर, श्रीवर्धन. कासम नाखवा, रिगर, हर्णै. दत्ता पाटील, फिटर, अलिबाग. आणखी दहा जण. मी, टाइमकीपर, चिपळूण. आणि गुन्नार. गैरहजर: कोणी नाही.

हजेरीची ही वही मी ठेवायला लागलो ती गुन्नारमुळे. तो पंपांचा इंजिनियर, आइसलँडचा. सव्वासहा फूट उंच, उन्हाने कायम लालभडक, हिंदी आमच्याच कॅम्पात शिकलेला. एक दिवस टाइम ऑफिसात आला आणि कॅम्पमधल्या सगळ्यांची यादी मागितली. मी म्हटलं, "कशासाठी, साहेब?" तो म्हणाला, "साहेब नहीं, गुन्नार. हमारे मुलुक में सब को नाम से बुलाते, पीछे बस बाप का नाम. क्लब बनाना है."

त्याच्या गावची वस्ती हजाराच्या आत. गावाला एकच क्लब. उन्हाळ्यात जे अकरा जण फुटबॉल खेळत, तेच हिवाळ्यात हँडबॉल खेळत आणि बर्फ पडला की बुद्धिबळ. दोघं आजारी पडले तर संघच उभा राहत नसे. त्यामुळे त्याची निवडीची पद्धत सोपी होती. "अच्छा खेलने वाला नहीं मंगता. आने वाला मंगता." येणाऱ्याने सगळं खेळायचं, हाही नियम. फक्त व्हॉलीबॉल खेळेन म्हणणाऱ्या इब्राहिमला त्याने हँडबॉलच्या गोलात उभं केलं आणि स्वतः कबड्डी शिकला. कबड्डीत तो कामाचा नव्हता. एवढे लांब पाय, कोणाच्याही हाती लागत. दत्ता त्याचा घोटा धरून म्हणायचा, "गुन्नारभाय, हे दुकान जरा आवरून घ्या." तो जमिनीवर पडल्या पडल्या मला विचारायचा, "मधुकर, ये क्या बोला?" मी सांगायचो. मग तो आणखी मोठ्याने हसायचा.

दर शुक्रवारी सगळ्यांच्या आधी येऊन तो मैदान झाडायचा, खडे वेचायचा, चुन्याच्या रेघा मारायचा. कोणी झाडू मागितला तर देत नसे. "मेरा बाप ऐसा करता," एवढंच म्हणे. त्याचा बाप, योन, गावच्या क्लबाच्या जर्सी सांभाळणारा. धुणं, वाळवणं, शिवणं, नंबर लावणं, आयुष्यभर तेच काम. आमच्या क्लबाचं कळल्यावर त्या म्हाताऱ्याने पेटीभर जुन्या जर्सी पाठवल्या. निळ्या, पांढऱ्या कॉलरच्या, लांब बाह्यांच्या आणि जाड. नंबर एक ते चौदा. भर उन्हाळ्यात त्या घालणं शक्यच नव्हतं. गुन्नारने एकेकाच्या हातात दिल्या आणि म्हणाला, "ठंडी में पहनेंगे." तोवर आम्ही बनियनवरच खेळलो.

थंडी सुरू होताना योनचं पत्र आलं. हंगाम संपला की तो जर्सींच्या खोलीची किल्ली दुसऱ्याकडे देणार होता. त्या दिवशी क्लबाच्या भिंतीवर आमचा फोटो लावायचा, चौकट करून ठेवली आहे. गुन्नारने पत्र वाचून दाखवलं आणि खाली बघत म्हणाला, "मेरा बाप कभी गाँव से बाहर नहीं गया. उसका कपड़ा इधर तक आया. वो देखना मंगता है." पुढच्या शुक्रवारी फोटो ठरला.

तो आठवडा कॅम्पमध्ये विलक्षण शांत गेला. कारण मला शुक्रवारी कळलं. अल खोबरहून फोटोग्राफर आला, टॅक्सी उभी ठेवून. गुन्नारने सातांची एक अशा दोन रांगा सांगितल्या. मागची रांग भरून सांडू लागली. पुढे चौघेच. त्या चौघांच्या अंगात जर्सी होत्या, मागच्या दहांच्या अंगात बनियन. प्रत्येकाला वाटलं होतं, आपल्या एकट्याचीच जर्सी इथे नाही, मागे उभं राहून निभावून नेऊ. त्या दहांत मीही होतो.

कॅम्पमध्ये कोणी सुट्टीवर निघालं की त्याच्या बॅगेत इतरांच्या वस्तू जात. साबण, कापड, जे चांगलं ते गावी. चांगली वस्तू इथे वापरायची असते, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

"कपड़ा किधर?" गुन्नारने विचारलं.

इब्राहिम म्हणाला, "अब्बा को भेजा. पहाटे होडीवर ठंडी लगती है उनको."

"माझी भावाकडे," दत्ता म्हणाला. "तो गावच्या कबड्डी संघात आहे. हरतोय, पण घालतोय."

कोणी हसलं नाही. गुन्नार पाण्याच्या ड्रमवर बसला. फोटोग्राफर म्हणाला, "यल्ला, जल्दी करो, टॅक्सी खड़ी है." गुन्नारने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मग म्हणाला, "मधुकर, लिखो. कौनसा नंबर, कौन पहनता, किधर."

मी लिहिलं. तीन, इब्राहिमचे वडील, श्रीवर्धन, मासेमारी. सात, दत्ताचा भाऊ, अलिबाग, कबड्डी. नऊ, कासमचा पुतण्या, हर्णै, होडीवर. अकरा, माझी, चिपळूण, बायकोने पेटीत ठेवली आहे. अशा दहा ओळी. चार जर्सी आणि दहा बनियनचा फोटो काढला, आणि त्यासोबत ही यादी इंग्रजीत टाइप करून गेली.

योनचं उत्तर आलं. किल्ली देताना त्याने यादी सगळ्यांपुढे वाचली. गाव मासेमारांचंच, तीन नंबर वाचल्यावर माणसं उठून उभी राहिली. यादी फोटोखाली चौकटीत लावली आहे. खाली दोन सूचना होत्या. अकरा नंबरवालीला सांगा, पेटीत कापड कुजतं. आणि दहाही जर्सींचे, ज्याच्या अंगात असतील त्याच्यासकट, फोटो पाठवा. गुन्नार वाचता वाचता थांबला, नाक पुसलं आणि म्हणाला, "देखा? वो गुस्सा नहीं है."

त्याचं कंत्राट आमच्या आधी संपलं. धाहरान विमानतळावर इब्राहिम त्याला म्हणाला, "गुन्नारभाय, अब कबड्डी में किसको पकड़ेंगे?" तो म्हणाला, "जो आएगा उसको."

मी कायमचा परतल्यावर यादी घेऊन फिरायला लागलो. आधी घरचा फोटो. बायकोने जर्सी साडीवरून घातली, बाह्या दुमडल्या आणि कॅमेऱ्याकडे रागाने पाहिलं. योनच्या हयातीत चार फोटो पोचले, पुढे आणखी पाच. बापाची ती खोली नंतर गुन्नारकडेच आली होती. प्रत्येक फोटोला त्याचं दोन ओळींचं उत्तर यायचं, दुसरी ओळ नेहमी "बाकी कब?"

मागच्या महिन्यात त्याच्या मुलीचं पत्र आलं. गुन्नार गेला. शेवटच्या हिवाळ्यापर्यंत जर्सी धूत होता. चौकटीत नऊ फोटो बसवले आहेत, दहाव्याची जागा त्याने कोणालाही भरू दिली नाही. ती जागा ठेवायची का, असं तिने विचारलं आहे. ठेवा, असं मी कळवलं.

हर्णैला दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा होडी समुद्रावर होती, आणि जर्सी होडीवर. आता कासमला पत्र टाकलं आहे, होडी बंदरात कधी असेल ते कळव म्हणून. उत्तर नाही. यादीत एवढी एकच ओळ खोडायची राहिली आहे: नऊ, कासमचा पुतण्या, हर्णै. फोटो बाकी.