शेवटचे तीन किलो

थोरल्याने धाकट्याचे पुढचे तीन दात पाडले तेव्हा थोरला बावीस वर्षांचा होता आणि भांडण सायकलच्या पंपावरून होतं. आई मधे पडली, तर तिच्याही बरगडीत कोपर बसलं. त्यानंतर चोवीस वर्षं दोघे भाऊ बोलले नाहीत. बोलले ते एकदाच, आईची तिरडी उचलताना, आणि तेही "त्या बाजूने धर" एवढंच.

थोरला कत्तलखान्यात होता. आकड्याला उलटं टांगलेलं जनावर करवतीने कण्यातून चिरायचं आणि दोन सारखे भाग करायचे, हे त्याचं काम. एकशे अठरा किलोचा देह. सगळे त्याला रेडा म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण त्याला ते आवडायचं.

एका सकाळी धाकट्याची बायको दारात उभी राहिली. आत आली नाही.

"त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली, भाऊजी. आमच्यात कुणाचं जुळत नाही. तुमचं तरी..."

"सही कुठे करायची ते सांग," थोरला म्हणाला.

त्याचं जुळलं. पण डॉक्टरने त्याच्या पोटाकडे बघून मान हलवली. एवढ्या देहातून एक काढलं तर उरलेलं मूत्रपिंड त्या ओझ्याने मरेल. पंच्याऐंशीवर या, मग टेबलावर घेतो.

थोरल्याने जनावर हाताळावं तसं स्वतःला हाताळायला घेतलं. पाव बंद, साखर बंद, दारू बंद. भुकेने पोट ओरडलं की त्यावर मूठ मारायची. काम संपलं की मांसाच्या काट्याचा आकडा दोन्ही हातांनी धरायचा, पाय वर उचलायचे आणि बाजूच्या आकड्यांवरच्या धडांसारखं लोंबकळत स्वतःचं वजन वाचायचं. चार महिन्यांत बावीस किलो गेले. पुढच्या तीन महिन्यांत आठ. अठ्ठ्याऐंशीवर काटा थांबला, तो पाच आठवडे हलेना.

तिकडे धाकट्याच्या डाव्या हातातली शीर बंद पडली. रक्त धुणाऱ्या यंत्राची नळी आता मानेत खुपसली होती.

"मी चोरून खातो असं वाटतंय का तुम्हाला?" इस्पितळातल्या आहाराच्या बाईंसमोर थोरल्याने टेबलावर हात आपटला. पेनांचा डबा उडाला.

बाई घाबरल्या नाहीत. पेनं गोळा करत म्हणाल्या, "नाही. तुम्ही तेवढंच खाताय, तिथेच अडतंय. आधी तुम्ही एकशे अठरा किलो घेऊन जिना चढत होतात. तीस किलोचं ओझं उतरलं, तसं ते वाहायचं जळणही वाचलं. ज्या ताटावर तो मोठा माणूस झडत होता, त्याच ताटावर हा लहान माणूस टिकून राहतो. शिवाय अंगाला वाटतं, उपासमार आलीय. ते भूक वाढवतं, आणि तुम्हाला नकळत बसवतं. हल्ली एक जनावर चिरून झालं की दुसरं येईपर्यंत बसता का?"

महिनाभर थोरला उलट्या क्रेटवर बसत होता, आणि हे त्याचं त्यालाही आत्ताच कळलं.

"थोडं कमी खा, थोडं जास्त चाला. हळू जातील, पण जातील. दोन महिने धरा."

"त्याच्याकडे आहेत दोन महिने?"

बाईंनी पेनांचा डबा पुन्हा जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी कातडी सोलणाऱ्याने तोंड उघडलं. "काय रे रेड्या, पार बोकड झालास की! भावाला मूत्रपिंड देतोयस की मुलगी बघायला जातोयस?"

सगळे हसले. थोरल्याने सोलणाऱ्याची मान धरली, त्याला टांगलेल्या धडांत रेटत भिंतीपर्यंत नेलं आणि कपाळाने त्याचं नाक फोडलं. धडं झुलत राहिली. खाली सांडलेलं रक्त जनावराचं कुठलं आणि माणसाचं कुठलं, सांगता येत नव्हतं. सोडवायला दोघेच लागले. पूर्वी पाच लागायचे. दोघांनाच आपण आवरलो, याचा थोरल्याला त्या टोमण्यापेक्षा जास्त राग आला.

त्या रागातच त्याला कत्तलखान्यामागचा गोठा आठवला. विकणारा तोलाआधी जनावराला मीठ चारून पाणी पाजतो. घेणारा हुशार असेल तर तो ते दिवसभर कोरडं बांधून ठेवतो आणि मग काट्यावर चढवतो. कोरडं जनावर किलोंनी उतरतं. वीस वर्षं त्याने हे बघितलं होतं.

त्याने स्वतःला कोरडं बांधलं. दोन दिवस पाण्याचा घोट नाही. घाम गाळायला खूर उकळायच्या हौदाशी रबराचा अॅप्रन घालून उभा राहिला. जीभ टाळूला चिकटली, ओठ फुटले, पायांत गोळे आले. तिसऱ्या दिवशी इस्पितळाच्या काट्यावर चढला. चौऱ्याऐंशी किलो आठशे.

मग रक्त काढलं.

दुपारी डॉक्टरने कागद त्याच्यापुढे टाकला. "जे द्यायचं तेच मारत होतात तुम्ही. मूत्रपिंडांवर केवढा ताण आलाय बघा. असलं मी दुसऱ्याच्या अंगात घालू? सहा आठवड्यांनी या. आणि पाणी पिऊन या."

धाकटा यंत्राच्या खोलीत होता. त्याची रक्त धुण्याची पाळी नुकतीच संपली होती. बायकोने त्याला सगळं सांगितलेलं होतं. थोरला आत आला तसा तो पलंगावरून उतरला आणि उजव्या हाताने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. जोर नव्हता, पण नेम होता. फुटलेला ओठ आणखी फाटला.

"काटा फसवायला गेलास? मी काय बाजारातलं गिऱ्हाईक आहे?"

थोरल्याने हात पाठीमागे बांधले. "अजून दोन हाण, तीन पाडले होते मी."

धाकट्याने मूठ उगारली. ती खाली घेतली. मग त्याने उशाची बाटली उचलली. दिवसाला तेवढंच पाणी प्यायची त्याला परवानगी होती, आणि बाटलीवर बायकोने पेनाने रेघा मारल्या होत्या. ती त्याने थोरल्याच्या छातीवर आदळली.

"पी."

"हे तुझं आहे. दिवसभराचं."

"पी म्हणतो ना. का दाताने झाकण काढून ओतू? दात नाहीत मला, दादा."

थोरला प्यायला. ओठाचं रक्त बाटलीत उतरत होतं, पाणी एकेक रेघ सोडत खाली जात होतं. समोर उभा धाकटा त्या रेघांकडे टक लावून बघत होता, आणि थोरल्याच्या प्रत्येक घोटाबरोबर त्याचाही घसा हलत होता.