कानावरचा खोडवा

घरात रंगीत टीव्ही नवा होता तेव्हाची गोष्ट. आईच्या बुगड्या मला घालता याव्यात म्हणून तिनं मला सराफांच्या गुजरीत नेलं आणि सोनाराकडून कानाची वरची कड टोचून घेतली. डावा कान टोचल्यावर मी अशी बोंबलले की उजवा राहूनच गेला. राहिला ते बरंच झालं. डाव्या कानाची जखम भरली, पण मांस वाढायचं थांबेना. आधी तुरीचा दाणा, मग शेंगदाणा, मग चांगलं जांभूळ! तसंच जांभळट, चकचकीत, आणि खाज तर विचारू नका. एसटीत अनोळखी बायका विचारायच्या, "पावणं, कानाला काय चिकटलंय?" मला घट्ट वेणी घालायची हौस भारी, पण सगळं कॉलेज मी केस कानावर ओढून काढलं.

एका डॉक्टरांनी ते कापून टाकलं. आम्ही पेढे वाटले. पावसाळा सरेपर्यंत ते परत हजर, पहिल्यापेक्षा मोठं. आईनं कपाळावर हात मारला, "आगं, ह्यो कान हाय का ऊस? तोडला की खोडवा फुटतोय!" मी हसले आणि हसता हसता रडायला लागले.

मग कातडीच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. कान चिमटीत धरूनच त्यांनी समजावलं, "ह्याला केलॉइड म्हणतात. जखम भरली, पण आता थांबायचं हे तुझ्या कातडीला कळलं नाही. नुसतं कापलं की बहुतेक परत येतं. कुणाला आम्ही सिलिकॉनची पट्टी लावतो, कुणाची गाठ गोठवतो, कुणाला कापल्यावर किरणं देतो. तुला आधी गाठीत इंजेक्शनं, मग कापायचं, मग परत इंजेक्शनं आणि रोज दाब. तरी शब्द देत नाही." घरी येऊन मी आरशापुढं बसले. एवढासा कान, आणि कुणी न सांगता रात्रंदिवस राबत होता! भीती वाटली, आणि खरं सांगते, कौतुकही वाटलं.

त्या टणक गाठीत सुई शिरली की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. पण काही महिन्यांत ती भिजल्या हरभऱ्यासारखी मऊ पडली. बाई गं, हे मी माझ्या बोटांनी अनुभवलं! मग कापलं. दाबासाठी दिलेला चिमटा सारखा निसटायचा. आईनं पेटीतल्या बुगड्या काढल्या, सोनाराकडून त्यांचं मळसूत्र काढून दाबाच्या करून आणल्या आणि आत मऊ कापड लावलं. म्हणाली, "जिनं केलं तिलाच निस्तरू दे." दाबानं कान पांढरा पडत नाही ना हे बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालेल की!"

रोज सकाळी केस विंचरायच्या आधी आई त्या जागेवरून बोट फिरवायची. मी विचारायची, "खोडवा?"

"न्हाय."

असं दोन पावसाळे चाललं. मधे दाबाची बुगडीही सुटली. एका सकाळी तिनं सरळ वेणी घातली, घट्ट ओढली, रिबीन बांधली आणि चहा टाकायला उठली.

"आई, बघायचं राहिलं की."

"काय बगायचं?" ती म्हणाली.

ती विसरली होती! मीच हात वर नेला. तिथं नुसता कान होता.