सर्व्हरची खंडेनवमी

कुडपणच्या दूध केंद्रावरचा माणूस झोपला म्हणून टाकीतलं दूध नासलं, असं आमच्या महाडच्या दूध संस्थेत सगळे मानतात. बैठकीत तसं ठरलं तेव्हा मीही मान हलवली होती. खरं काय घडलं ते आता लिहितो.

सगळ्या केंद्रांवरच्या यंत्रांचे लॉग, म्हणजे क्षणाक्षणाच्या नोंदी, एका जागी दिसाव्यात म्हणून माझ्या सुनेने आमच्या कार्यालयात सर्व्हर बसवला. दूध गार ठेवणारी एखादी टाकी तापू लागली की तो तिथल्या माणसाच्या फोनवर घंटा वाजवायचा. लक्ष ठेवणारा प्रोग्राम कंटेनरमध्ये, भरलेल्या डब्यासारखा बंद. शिवाय तिने असं एक साधन जोडलं, की कुणी काही बिघडवलं तर ते सगळं आपणहून पुन्हा पहिल्यासारखं लावायचं.

"बाबा, तुम्ही फक्त हात लावू नका," सून म्हणाली.

खंडेनवमीला आम्ही पूजलेलं अवजार चालवत नाही. कोयता, नांगर, सगळ्यांना विश्रांती. दुधाला सुट्टी नसते म्हणून टाक्या तेवढ्या चालू ठेवल्या, पण सर्व्हरला झेंडूची माळ घालून मी कंटेनर थांबवला. हात जोडून डोळे उघडतो तर तो चालू! पुन्हा थांबवला. पुन्हा चालू.

"अरे, आज तरी बस की!" मी त्याला म्हणालो. शेवटी प्लगच उपटला.

दुपारी कुडपणची टाकी बंद पडली. घंटा वाजलीच नाही. बोंब झाल्यावर मी गुपचूप प्लग लावला. सुनेने सर्व्हर बंद होता का विचारलं, तर म्हणालो, "सकाळी जरा वेळ वीज गेली होती."

त्या माणसाला त्याची बायको अजून चारचौघांत झोपाळू म्हणते, हे कानावर आलं आणि मला राहवेना. परवा पोलादपूरमार्गे कुडपणला गेलो. ओटीवर दोघांसमोर सगळं सांगून टाकलं.

तो उडालाच. "ऐकलंस गो? घंटाच वाजली नाय! मी काय सांगत होतो?"

बायकोने चहाचे कप खाली ठेवले. "म्हंजे वाजली असती तर उठला असतात?"

"मग! लगेच."

"म्हंजे झोपला होतात."

त्याने घाईने चहाचा कप उचलला. मला सोडायला रस्त्यापर्यंत आला तेव्हा हळूच म्हणाला, "काका, बैठकीत नक्की सांगा. पन घरात आता नको."

सोमवारी बैठक आहे. प्लगचं मी उभा राहून सांगणार आहे. उठण्याचा विषय तिथे काढायचा नाही, असं आमचं ठरलंय.