बाईंना बाहेर बसवा

तुमच्या अंगात काय वाढतंय ते तुम्हाला सोडून बाकी सगळ्यांना सांगितलं, तर तुम्ही काय कराल?

गल्लीतल्या शिवणकामवाल्या ताईला हे चुकलं नाही. शाळेचे गणवेश शिवण्यात तिची हयात गेली. कापड कमी पडणार असेल तर कात्री लावायच्या आधीच गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. छातीत गाठ लागली तेव्हा तिने मशीनवर फडकं टाकलं आणि सरकारी दवाखाना गाठला. तपासण्या फुकट झाल्या, बोट ठेवायला जागा नव्हती. रिपोर्ट आला तसं डॉक्टरने विचारलं, सोबत कोण आहे? कुणी नाही म्हटल्यावर त्याने कागद पालथा घातला. घरचं माणूस आणा, म्हणाला.

तिने धाकट्या भावाला आणलं. नर्सने त्याला आत घेतलं, ताईला बाहेर बाकावर बसवलं.

"गाठ माझी, मग आत तो का?" ताईने विचारलं.

नर्स वाईट नव्हती. "मावशी, माणसं धसका घेतात हो. आपल्याकडे पेशंटला सांगत नाहीत."

भाऊ हसतच बाहेर आला. साधी गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल, म्हणाला. मग त्याने रिक्षा केली. पोराच्या लग्नात पाहुण्यांना पायी चालवणारा हा चिक्कू माणूस वाटेत उतरून सफरचंदं घेऊ लागला, तीही भाव न करता. ताईने ओळखलं, गाठ साधी नाही.

घरी तो स्वयंपाकघरात बायकोला हळू आवाजात सांगत होता, ऑपरेशन केलं तर वाचेल म्हणतात, पण टेबलावरच गेली तर? मी नाही म्हणून सही केली. आहेत ते दिवस सुखात राहू दे.

ताईने ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच दवाखान्यात गेली. मी हो म्हणते, ऑपरेशन करा, म्हणाली. डॉक्टर गोड बोलला. भावाला घेऊन या, म्हणाला.

मग ती भावावर तुटून पडली. तर तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला, तायडे तूच मला वाढवलंस, तुला कापायला कसा देऊ? त्याला गप्प करण्यातच तिची संध्याकाळ गेली.

आता ती गोळ्या घेते आणि गणवेश शिवते. गाठीच्या बाजूचा हात वर उचलला जात नाही. यात शिव्या घालाव्या असा एकही माणूस सापडत नाही, याचीच चीड येते.

उद्या डॉक्टरने तुम्हाला एकट्याला आत बोलावलं, तर एवढं करा. बाकावर बसलेल्या आपल्या माणसाचा हात धरा आणि त्यालाही आत न्या.