दर फेरीला एकदा

मिस्त्रींना सगळी गल्ली ‘कानवाले’ म्हणायची. गाडी कोपऱ्यावर वळली, की हे गॅरेजात बसल्या बसल्या सांगायचे, “मागचा उजवा ब्रेक संपलाय, आणि चालवणारा बायकोशी भांडून आलाय.” पहिली गोष्ट हमखास खरी निघायची. दुसरीसुद्धा दहात आठ वेळा.

मुलाला ग्रीसच्या वासाने शिंका येत, म्हणून तो बँकेत चिकटला. सून मात्र लग्न होऊन आली ती गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक्स शिकूनच. हातात स्कॅनर, डोक्याला रुमाल, आणि सासऱ्यांना ‘बाबा’. चार वर्षं दोघांचं छान चाललं होतं. पण गिऱ्हाइकं प्रश्न विचारायची ती मिस्त्रींनाच. उत्तर सुनेने दिलं तरी मान मिस्त्रींकडे वळायची.

अशात दाताचे डॉक्टर आपली लाल स्पोर्ट्स कार घेऊन आले. दवाखान्यात “हळूच तोंड उघडा हं” म्हणणारा हा गृहस्थ गाडीत बसला की सुसाट सुटायचा. त्याला मोठे ब्रेक हवे होते. मिस्त्रींनी पुढच्या दोन्ही चाकांना मोठ्या डिस्क बसवल्या, डिस्क चिमटीत धरणारे भक्कम कॅलिपर लावले आणि हात लागलाच आहे तर डाव्या चाकाचं बेअरिंगही नवं घातलं. गाडी जागच्या जागी थांबू लागली. डॉक्टर खूश.

दुसऱ्या दिवशी परत आले ते कपाळाला आठ्या घालून. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र पेटलं होतं. म्हणजे गाडी वळणावर घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा रुसून बंद पडली होती.

सुनेने स्कॅनर लावला. दोष डाव्या पुढच्या चाकाच्या वेगाच्या सेन्सरकडे बोट दाखवत होता. तिने वायर तपासली, सेन्सर बदलला, स्टिअरिंग सरळ कधी असतं तेही यंत्रणेला पुन्हा शिकवलं. दिवा विझला. दोन चौक ओलांडले आणि पुन्हा पेटला.

“ही बाई कॉम्प्युटरशी खेळत बसते, त्यानेच बिघडलंय,” डॉक्टर म्हणाले. “मिस्त्री, आता फक्त तुम्ही हात लावा. नाहीतर मी गाडी दुसरीकडे नेतो.”

मिस्त्री हसले. “आमच्या वेळी गाड्यांना ब्रेक असायचे, मतं नसायची.”

डॉक्टर हसले. सून हसली नाही. स्कॅनरची वायर गुंडाळायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

सकाळी मिस्त्री आले तर तिने गाडी लिफ्टवर घेतलेली. “बाबा, डावं चाक हाताने फिरवा. सावकाश.”

स्कॅनरच्या स्क्रीनवर एकसारख्या लाटा उमटत होत्या. एका जागी लाट मोडायची, पुन्हा नीट व्हायची.

“थांब!” मिस्त्री म्हणाले. “दर फेरीला एकदाच. त्याच जागी. आतल्या कड्याचा दात मोडलाय कुठेतरी.”

“यात दात नसतात, बाबा. नव्या बेअरिंगच्या एका अंगाला चुंबकाची पट्टी असते. सेन्सर तीच मोजतो. तिचा एक तुकडा पुसला गेलाय.”

“पुसला कशाने?”

“जवळ दुसरं जोरदार चुंबक आलं तर.”

मिस्त्रींचा हात चाकावरच राहिला. जुन्या लाउडस्पीकरच्या चुंबकाची त्यांनी एक वाटी केली होती. तीस वर्षांत त्यांचा एकही नट हरवला नव्हता, तो तिच्यामुळे. नवं बेअरिंग घरंगळून पडू नये म्हणून जेवायला जाताना त्यांनी ते त्याच वाटीत ठेवलं होतं. चांगलं तासभर.

त्यांनी सांगून टाकलं. सुनेने स्क्रीन बंद केली. मग म्हणाली, “नवं घालू. मी कुणाला सांगणार नाही.”

ते वाक्य मिस्त्रींना शिवीपेक्षा जास्त लागलं.

दुसरं बेअरिंग आलं. या वेळी ते बसवेपर्यंत खोक्यातच राहिलं. दोघांनी गाडी गावाबाहेरच्या वळणावळणाच्या रस्त्यावर तासभर फिरवली. दिवा पेटला नाही.

दुपारी डॉक्टर आले, चक्कर मारून आले आणि मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. “बघितलंत? म्हणूनच म्हणत होतो, तिला हात लावू देऊ नका.”

मान डोलवली असती तरी भागलं असतं. मिस्त्रींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. “डॉक्टर, बिघडवलं मी आणि शोधलं हिने. बेअरिंग मी चुंबकावर ठेवलं होतं. काल तुमच्यासमोर तिची चेष्टा केली, तीही चूकच.”

“तुम्ही? चाळीस वर्षं हे काम करताय!”

“म्हणूनच तर. नवशिक्याने खोक्यावरची सूचना वाचली असती.”

डॉक्टर गोंधळले. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, “मग मिस्त्री, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर आता काळजी नाही ना?”

मिस्त्रींनी फडकं पुन्हा उचललं आणि हात पुसायला घेतले. डॉक्टर वाट बघत राहिले. मग हळूहळू त्यांची मान सुनेकडे वळली.

“यंत्रणा ठीक आहे,” ती म्हणाली. “पण नवे ब्रेक आहेत. आठवडाभर जरा दमानं.”

“दमानं म्हणजे किती?”

ती सांगू लागली.